वाकल्या मानेचा चष्मा

शिरूर,
९ नोव्हेंबर १९९८

चि. जयसिंग यास संपतमामाचे आशीर्वाद.

तुझे पत्र दुकानात असताना हाती पडले. समोर नंबर काढायला बसलेल्या गिऱ्हाइकाला तसेच बसवून ते आधी वाचले आणि मग त्यालाही वाचून दाखवले. मांडवगण फराट्याच्या जत्रेतल्या सायकल शर्यतीत दुसरा आलास, तोही मध्येच चेन उतरलेली असताना. जिल्ह्याच्या संघासाठी जानेवारीत दौंडला होणाऱ्या निवड चाचणीला जॉन्सन सरांनी तुझे नाव दिले, हे ऐकून तुझ्या मामीने देवापुढे साखर ठेवली. इकडे सर्वांच्या प्रकृती ठीक आहेत. दुकानही बरे चालले आहे. दिवाळीत लोकांना फटाके आठवतात, दिवाळीनंतर डोळे.

आता मूळ विषयाकडे येतो, आणि सावकाश येतो, कारण हा विषय मला फार आवडतो.

तू लिहितोस की चष्मा नाकावरून घसरतो, रस्ता पाहण्यासाठी हनुवटी वर करावी लागते, आणि परवा संध्याकाळी पारगावच्या रस्त्याकडेला उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीवर तू जाऊन धडकलास. खांदा आता बरा आहे ना? 'चष्माच बदलावा लागेल,' असे तू म्हणतोस ते योग्य आहे. मी तुला चालणाऱ्या माणसाचा चष्मा दिला होता, आणि तू तर सायकल चालवतोस.

शर्यतीच्या सायकलीवर पाठ वाकते, मान खाली जाते आणि पुढचे दिसावे म्हणून बुबुळे वर चढतात. म्हणजे तू काचेच्या मध्यातून पाहतच नाहीस, तिच्या वरच्या कडेतून पाहतोस. काचेचा नंबर खरा असतो तो तिच्या मध्यबिंदूपाशी. कडेला गेले की चित्र थोडे सरकते, थोडे वाकते. तुझा नंबर उणे अडीच, त्यात सिलिंडर, म्हणजे तिरका नंबर. हे सरकणे जाणवण्याइतके होणार. शिवाय फ्रेमची वरची दांडी नेमकी नजरेच्या आड येते, आणि दांडीवरून पाहिलेस तर नंबरच उरत नाही.

उपाय सोपा आहे. मध्यबिंदू तुझी नजर जाते तिथे न्यायचा. त्यासाठी एक प्रयोग कर. सायकल भिंतीला टेकवून तिच्यावर शर्यतीसारखा वाकून बस. ताईला, तुझ्या आईला, अंगणाच्या टोकाला उभी कर आणि तिच्या पायांकडे पाहा. मग तुझ्या वडिलांना, पोपटरावांना सांग, की ताईच्या डबीतली सगळ्यात बारीक टिकली घेऊन काचेवर अशा जागी चिकटवा, की तिने ताईचे पाऊल झाकले जावे. एक डोळा मिटून एकदा, दुसरा मिटून दुसऱ्यांदा. टिकल्या लागलेला तो चष्मा तसाच डबीत घालून शिरूरला येणाऱ्या एस.टी.च्या कंडक्टरकडे दे. त्या टिकलीवर मी नवी काच बेतीन. पुण्यात हे काम करणारी मोठमोठी यंत्रे असतील, पण ताईच्या टिकलीइतके अचूक त्यांतले एकही नसेल.

काच म्हणतो, पण काच नव्हे. सायकलस्वाराला खरी काच मी कधीही देणार नाही. टायरखालून उडालेला एक खडा पुरे होतो. पॉलिकार्बोनेट नावाचा नवा प्रकार निघाला आहे. हातोड्यानेही तो सहसा फुटत नाही. तो मी मागवला आहे. त्याचा एकच दुर्गुण, चरे लवकर पडतात. म्हणून सदऱ्याच्या टोकाने पुसायचा नाही. आधी पाण्याखाली धरून धूळ जाऊ द्यायची, मग मऊ फडक्याने टिपायचा. काड्या कानामागे पूर्ण वळसा घेणाऱ्या तारेच्या, लहान मुलांच्या चष्म्याला असतात तशा. मित्र हसतील, हसू दे. नाकावरचे गट्टू मऊ रबरी, घामात न सरकणारे. फ्रेम मात्र चेहऱ्याला चिकटून बसणारी नको. चढ संपवून थांबलास की तिच्यात वाफ कोंडते आणि नेमके तेव्हाच मागून कुणी तरी येत असते.

मासिकातल्या परदेशी स्वारांसारखा गालापर्यंत वळलेला काळा गॉगल तू मागितला आहेस. तो मिळणार नाही. फार वळलेल्या भिंगात तुझा नंबर कडेला बिघडेल, आणि संध्याकाळी सराव करणाऱ्याने काळे भिंग लावणे म्हणजे दिवा विझवून दिव्याखाली वाचणे.

टिकल्यांची वाट पाहतो.

तुझा,
संपतमामा


शिरूर,
१४ डिसेंबर १९९८

चि. जयसिंग यास आशीर्वाद.

नवा चष्मा आवडल्याचे तुझे पत्र वाचून मला किती आनंद झाला ते लिहिता येत नाही. 'उसाच्या पात्यावरची कूससुद्धा दिसते,' हे तुझे वाक्य मी त्या दिवशी येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ऐकवले. तक्त्यावरची शेवटची ओळ तू वाचतोस, म्हणजे नंबर बिनचूक आहे. याबद्दल माझ्या मनात आता शंका नाही.

पण पत्रात तू एक गोष्ट लिहिली नाहीस, ती मला दुसरीकडून कळली. बाजाराच्या दिवशी ताई दुकानात आली होती. ती आल्याचे तुला कळू नये अशी तिची इच्छा होती. तरी मी लिहितो, कारण तिने सांगितलेल्या गोष्टीबद्दल मला तुला विचारायचे आहे.

नवा चष्मा लावून तू परत पडलास. बाजूने रस्त्यावर येणारे रेडकू तुला दिसले नाही. दिवस मावळत होता, अंधार नव्हता. कोपर फुटले आणि टाके पडले. ताई हे सांगत असताना खुर्चीवर बसली नाही. मी फ्रेमच्या रुंदीबद्दल काही तरी बोलू लागलो, तर तिने मला थांबवले.

"तुझ्या काचंनं काय हुनार न्हाई, संपत. देव कोपलाय. नेम आपन मोडला."

मी म्हणालो, डोळ्याचा विषय आहे, डोळ्याच्या मार्गानेच सोडवू. त्यावर ती म्हणाली, "तू लई शिकला, पर डोळं देवानं दिल्यात. तू नुसत्या काचा देतो." आणि कोथिंबिरीची जुडी माझ्या टेबलावर ठेवून एस.टी.कडे गेली.

तुला या नेमाचे मूळ कदाचित नीट ठाऊक नसेल, म्हणून सांगतो. माझे वडील, म्हणजे तुझे आजोबा गेणबा, मेंढरांच्या वाड्याबरोबर, म्हणजे कळप आणि बिऱ्हाड घेऊन, आठ महिने हिंडायचे. सगळी माणसे आबांना मानायची. दिवस कलला की आबा जिथे असतील तिथे घोंगडी टाकून बसायचे, आणि उजाडेपर्यंत जागचे हलायचे नाहीत. मेंढरे कोंडणे, पाणी आणणे, कुत्र्यांना हाकणे हे सगळे इतरांनी करायचे. आबांनी बिरोबाला शब्द दिला आहे, असे सगळे म्हणत. आबांनी स्वतः कधी काही सांगितले नाही. ताईच्या लेखी तो घराण्याचा नेम झाला, आणि तू लहान असल्यापासून तिने तो तुझ्याकडून पाळून घेतला: दिवेलागण झाली की जयसिंगने उंबऱ्याबाहेर जायचे नाही. जॉन्सन सरांनी तुला संध्याकाळच्या सरावाला बोलावले, तेव्हा तिने बिरोबाला नवी घोंगडी वाहून, सायकलीला भंडारा लावून, तुला त्या नेमातून सोडवून घेतले. आणि त्या दिवसापासून तू पडतो आहेस. तिचा हिशेब तिच्या परीने सरळ आहे.

आता माझे प्रश्न. घाईने उत्तर देऊ नकोस, एक-दोन दिवस स्वतःकडे लक्ष ठेव आणि मग लिही.

जेवताना ताटाच्या बाजूला ठेवलेला तांब्या तुला पाहताक्षणी सापडतो, की हाताने चाचपावे लागते? दौंडला सिनेमाला गेलास तर अंधारात खुर्ची कोण शोधते, तू की तुझा मित्र? शर्यतीत डावीकडून कुणी पुढे काढले तर ते तुला आधी दिसते, की आधी त्याच्या चाकाचा आवाज येतो? दारातून आत जाताना खांदा चौकटीला लागतो का? लागत असेल तर कधीपासून? गोठ्यात मिणमिणता दिवा असताना दावे कुठे पडले आहे ते दिसते का?

हे सारे मी फ्रेमसाठी विचारतो आहे. काडीची जाडी बाजूचे झाकत असेल, असाही संभव आहे. पुढच्या आठवड्यात तू शिरूरला ये, आपण पुण्याला जाऊ. तिथल्या एका मोठ्या डोळ्यांच्या दवाखान्यात बाजूची नजर मोजण्याचे यंत्र आहे; माझ्याकडे ते नाही. तोपर्यंत सराव सकाळी, उन्हे वर आल्यानंतर कर. जॉन्सन सरांना सांग, मामाने काचेच्या मापासाठी सांगितले आहे.

मी हे लिहिल्याचे ताईला बोलू नकोस.

तुझा,
संपतमामा


शिरूर,
४ जानेवारी १९९९

जयसिंग,

तुझी दोन्ही पत्रे माझ्यापुढे आहेत. उत्तराला उशीर झाला, त्याला कामाचे कारण देता येत नाही. हे पत्र ताईला वाचून दाखवू नकोस. आधी तू एकटा वाच, दिवसा वाच.

पुण्याहून परत येताना एस.टी.त तू मला विचारलेस की डॉक्टर काय म्हणाले, आणि मी म्हणालो की डोळ्यांना ताण आहे, विश्रांती हवी. तुझ्या डोळ्यांत औषध घातले होते, तुला जवळचे काही दिसत नव्हते, आणि तू हसत होतास की मामाचा चेहराच पुसला गेलाय. मला तेव्हा ते बरे वाटले. त्यानंतर तू निवड चाचणीबद्दल लिहिलेस, काडी बारीक केली तर कसे, असेही लिहिलेस. त्याला उत्तर देताना मी आणखी एखादी फ्रेम सुचवली असती तर ती तू आनंदाने घातली असतीस.

मागच्या पत्रातले प्रश्न फ्रेमचे नव्हते. तुझी उत्तरे यायच्या आधीच मला भीती वाटत होती. तू लिहिलेस, तांब्या चाचपावा लागतो, पण तसा तो सगळ्यांनाच लागत असेल ना. नाही, जयसिंग. सगळ्यांना लागत नाही.

जे आहे ते नीट समजावून सांगतो. दुसरे मला काही करता येत नाही.

डोळ्याच्या आत मागच्या बाजूला एक पडदा असतो. बुबुळ आणि भिंग त्या पडद्यावर चित्र पाडतात. तुझ्या बुबुळात थोडा दोष होता, तो माझ्या काचेने काढला. म्हणून समोरचे तुला स्वच्छ दिसते. पण पडदाच कडेने मरत चालला आहे. पाटाचे पाणी कमी पडले की शेताच्या कडेचे वाफे आधी वाळतात, मधला तुकडा हिरवा राहतो. आणि शेताच्या मधोमध उभ्या माणसाला वाटते की पीक छान आहे. तक्ता वाचायला तो मधला तुकडा पुरतो. त्या अर्ध्या गोल भांड्यासारख्या यंत्रात बारीक दिवे लागत होते आणि दिसला की तू बटण दाबत होतास, आठवते? तू फार मन लावून दाबत होतास. बाजूचे बहुतेक दिवे तुझ्या बटणावाचून लागले आणि विझले. मी मागे उभा राहून ते पाहत होतो.

अंधुक उजेडात पाहण्याचे काम याच कडेच्या भागाचे असते. म्हणून संध्याकाळ आधी जाते.

यावर औषध नाही. शस्त्रक्रिया नाही. मी डॉक्टरांना तीन तऱ्हांनी विचारले आणि त्यांनी तिन्ही वेळा तेच सांगितले. आत्ता उरली आहे ती नजरही सावकाश आत आत येत जाईल. किती वर्षांत, ते सांगता येत नाही. थांबणार नाही, एवढे सांगता येते.

हे येते कुठून, तेही त्यांनी कागदावर रेघा काढून समजावले. बापाकडून ते मुलींकडे जाते. मुलींना त्रास होत नाही, झाला तर नावापुरता. मुलींकडून ते त्यांच्या मुलग्यांकडे जाऊ शकते, आणि गेले की पुरते उतरते. बापाच्या स्वतःच्या मुलग्यांना ते मिळत नाही. डॉक्टरांनी विचारले, मुलाच्या आईच्या वडिलांना संध्याकाळी दिसायचे का? आणि मी, तीस वर्षे चष्मे करणारा माणूस, तोंड उघडून म्हणणार होतो की नाही, त्यांचा नेम होता.

नेम नव्हता तो. आबांना दिसत नव्हते. दिवस बुडाल्यावर ज्याला मेंढरू दिसत नाही, अशा मेंढक्याच्या हाती कुणी कळप दिला असता? आबांनी देवाचे नाव पुढे केले, आणि एवढी माणसे त्यांच्याभोवती वावरली, पण कुणालाही संशय आला नाही. ताईने श्रद्धेने तोच नेम तुझ्यावर ठेवला. तू अंधारात कधी गेलाच नाहीस, तर तुला अंधारात दिसत नाही हे कळणार कसे? तुलाही कळले नाही. जगात सगळ्यांची संध्याकाळ अशीच असते, असे तू समजून चाललास.

ताईला वाटते देवाचा कोप आहे. खरे सांगू, पुण्याहून आल्यापासून मलाही तो कोप हवासा वाटतो. कोपाला उतारा असतो. घोंगडी वाहता येते, पाया पडता येते, चुकले म्हणता येते. इथे कुणाचेच काही चुकलेले नाही, म्हणून कुणाला काही करताही येत नाही.

आता तुझ्या शेवटच्या प्रश्नाकडे येतो. तुला बरेचसे कळून चुकले आहे, असे तुझ्या दुसऱ्या पत्रावरून वाटते. तू लिहितोस: चाचणी भर दुपारी आहे, एकेकट्याने सायकल चालवायची आहे, रस्ता सरळ आहे, समोरचे मला दिसते, तर एवढी एक चाचणी देऊ द्या.

मी हा प्रश्न टाळला नाही. तुझ्या मोजणीच्या चित्राप्रमाणे मी एका चष्म्याच्या दोन्ही काचा काळ्या केल्या आणि मध्ये तेवढेच भोक ठेवले, जेवढी नजर तुझ्यापाशी उरली आहे. तो घालून भर दुपारी दुकानातून निघालो आणि बाजारपेठेतून एस.टी. स्टँडच्या दिशेने चालू लागलो. समोरचे सगळे स्वच्छ दिसत होते, अगदी पाटीवरची अक्षरेदेखील. आणि मी एका बाईच्या वांग्यांच्या पाटीत पाय घातला. ती म्हणाली, "आवं, चष्मेवालं तुमी, आन् तुमालाच दिसंना व्हय?" आजूबाजूचे हसले. मी वांगी गोळा करायला वाकलो, तर जमिनीवरची वांगीही एकेक करून शोधावी लागली. नंतर नदीकडच्या मोकळ्या मैदानात सायकल घेऊन गेलो. ती दोनदा मांडीखाली घेतली आणि दोन्ही वेळा उतरलो. समोरचा रस्ता दिसत होता. पण त्या रस्त्यावर बाजूने काय येणार आहे ते दिसत नव्हते, आणि सायकलवर माणूस जिवंत राहतो तो त्या बाजूच्या नजरेवर. बाजूचे चित्र मध्ये ओढून आणणारी तिरकी भिंगेही मी घासून पाहिली. ती मधले थोडके आहे तेही झाकतात.

तू असा आंधळेपणाने दुसरा येत होतास, जयसिंग. मला त्याचा अभिमान वाटावा की धडकी भरावी, हे ठरवता येत नाही.

काल मी दौंडला जाऊन जॉन्सन सरांना भेटलो आणि तुझे नाव काढून घेतले. तुला विचारले नाही. विचारले असते तर तू नाही म्हणाला असतास, आणि तुझ्या नाहीपुढे मी टिकलो नसतो. सरांनी ऐकून घेतले. मग म्हणाले, "असल्या पोराला देवानं असं का करावं?" आणि ते तुझ्या जागी कुणाला घ्यायचे ते पाहू लागले.

सायकल विकून टाक असे मी सांगणार नाही, ते तू ठरव. पण तिच्यावर बसू नकोस. सकाळी नको, दुपारी नको, घरापासून गावातल्या दुकानापर्यंतही नको. चष्मा वापरत राहा. त्याने काही थांबणार नाही; जेवढे दिसते तेवढे नितळ दिसेल, एवढेच.

रविवारी मी तुमच्या गावी, राहूला, येतो आहे. ताईला मीच सांगेन. तिने आबांकडून हे तुझ्यापर्यंत आणून पोचवले, हे तिला कोणत्या शब्दांत सांगायचे, ते अजून मला सुचलेले नाही. आयुष्यभर मी लोकांना समजावत आलो. हे समजावून सांगितले की ती माझ्याकडे पाहील आणि विचारील, मग तुला कसं नाही झालं रे?

दुपारच्या गाडीने उतरेन. दरवेळी तू फाट्यावर सायकल घेऊन येतोस आणि मला मागे बसवतोस. या वेळी येऊ नकोस. मी चालत येईन.

आबांच्या वाटणीतून कोरडा सुटलेला,
तुझा मामा,
संपत